मक्याच्या पोंग्यातील अमेरिकन अळी

मका वीतभर झाला की सकाळच्या वेळी एकदा सरीतून फिरा आणि पोंग्यात वाकून पाहा. पानांवर कागदासारखे पांढुरके पापुद्रे, वरच्या पानांना ओबडधोबड भोके आणि पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली, तर अमेरिकन लष्करी अळी तुमच्या रानात आली असे समजा.

ही कीड मूळची अमेरिका खंडातली. जे. ई. स्मिथ यांनी १७९७ साली तिची शास्त्रीय नोंद केली. म्हणजे तिकडे तिची ओळख सव्वादोनशे वर्षांची आहे. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली. मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा भागात मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर-सांगलीकडे मका व उसावर आली.

तिला कडाक्याची थंडी सोसत नाही, आणि इतर कित्येक किडींसारखी सुप्तावस्थेत पडून राहण्याची सोय तिच्याजवळ नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती हिवाळ्यात फ्लोरिडा आणि टेक्सासच्या दक्षिण टोकालाच तग धरते. उन्हाळा लागला की पतंग वाऱ्याबरोबर उत्तरेला सरकत थेट कॅनडापर्यंत पोहोचतात. तिकडे शरद ऋतूत तिचा उपद्रव दिसे, म्हणून नावही त्या ऋतूचेच पडले. पुढे बर्फ पडला की उत्तरेतली सारी मरतात. आपल्याकडे हे काम करणारा बर्फ नाही! त्यात खरीप, रब्बी, उन्हाळी अशी मक्याची रांग लागलेली. तिला उपास म्हणून घडत नाही.

आता ओळख. अळी तळहातावर घ्या. डोक्यावर उलटी धरलेली बेचकी काढावी तशी फिकट खूण दिसेल. मग शेपटीकडे पाहा. शेवटून दुसऱ्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात, चौसरच्या घरासारखे बसलेले असतात. या दोन्ही खुणा जुळल्या तर शंका नको. खोडकिड्याच्या अळीला त्या नसतात. पतंग मात्र रात्री उडणारा, करड्या-तपकिरी रंगाचा. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा तिकोनी डाग असतो. मादी साधी, चटकन न ओळखू येणारी.

मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते व वर आपल्या अंगावरचे करडे खवले पसरते. लांबून बुरशी आल्यासारखे वाटते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारक्या अळ्या आधी पान खरवडतात, मग पोंग्यात शिरतात. तिथे मोठ्या अळ्या लहान भावंडांनाच खातात, म्हणून एका पोंग्यात शेवटी एखाद-दुसरीच धष्टपुष्ट अळी उरते. तोपर्यंत विष्ठेचे बूच बसलेले असते, आणि वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. पैसे वाया जातात ते इथे. उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे खाऊन ती जमिनीत उतरते आणि दोन-तीन इंच खोलीवर कोषात जाते. पीक निघाल्यावर खोल नांगरट सांगतात, ती या कोषांसाठी.

तेव्हा पहिला महिना घरातल्या सर्वांनी रानात नजर ठेवावी. पुंजका दिसला की पान चुरगाळावे, हे शाळकरी पोरेही करतात. एकरी पाच कामगंध सापळे लावले की पतंग आल्याची वर्दी मिळते. अळ्या बारीक असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा फवारावा. मध्य अमेरिकेतले लहान शेतकरी पोंग्यात माती, वाळू किंवा राख टाकत आले आहेत. आपल्याकडेही नऊ भाग वाळू व एक भाग चुना टाकायला सांगतात. तुरा आल्यावर रासायनिक फवारणी टाळलेली बरी. पुढे चारा आपल्याच गोठ्यात जायचा असतो.

पावसाळी हवेत काही अळ्या पानाला चिकटून पांढऱ्याफटक, ताठ झालेल्या दिसतील. त्यांना बुरशीचा रोग झालेला असतो. त्या वेचू नका, चिरडू नका. त्यांच्या अंगावरची बुरशी शेजारच्या अळ्यांना लागू द्या.