बघताना मोडलं, तर भरायचं कोणी?

रेडिएटरचा वरचा पाइप फुटला तेव्हा गाडी होती विकणाऱ्या काकांच्या नावावर, स्टेअरिंगवर होते गाडी तपासायला आणलेले मिस्त्री आणि मागच्या सीटवर बसला होता गाडी घ्यायला आलेला मुलगा. टेंपरेचरचा काटा वर सरकताना दिसला तशी मिस्त्रींनी गाडी डावीकडे घेतली आणि इंजिन बंद केलं. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती. काका उतरले आणि म्हणाले, "दहा वर्षं वापरतोय ही गाडी. असं एकदाही झालं नाही. तुमच्याच हातात झालं."

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हातून खरंच असं कधी झालं नसणार. ते गाडी घरापासून भाजी मंडईपर्यंत आणि फार तर देवळापर्यंत न्यायचे. त्या दिवशी ती सिंहगड रस्त्याच्या दुपारच्या गर्दीत एसी लावून, मग चढावर, मग पुन्हा गर्दीत अशी चालली. गाडी तपासायची म्हणजे हेच करायचं असतं. जी गाडी मंडईपर्यंत नीट जाते ती घाटात नीट जाईल का, हे घेणाऱ्याला पैसे देण्याआधी कळायला हवं.

मिस्त्रींनी लगेच झाकणाला हात लावला नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की आतलं उकळतं पाणी दाबाने थेट हातातोंडावर येतं. गाडी निवेपर्यंत सगळे टपरीवर उभे राहिले. मग त्यांनी बॅटरीचा उजेड पाइपाच्या टोकावर धरला आणि काकांना जवळ बोलावलं. "काका, ही क्लिप बघा. क्लिपभोवती हा पांढरट हिरवा थर दिसतोय ना? कूलंट गळून वाळलं की असा थर धरतो. हा आजचा नाही." त्यांनी पाइप अंगठ्याने दाबला. चांगलं रबर दाबलं की परत फुगतं. इथे दाबल्याजागी बारीक चिरा उघडल्या आणि आतला दोरा दिसला. मग शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीकडे बोट दाखवलं. आत कूलंट नव्हतंच. गंजाच्या रंगाचं साधं पाणी होतं. कमी झालं की कोणीतरी नळाचं पाणी ओतत आलं होतं.

काकांनी बराच वेळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "ड्रायव्हर ठेवला होता मध्ये. तो भरायचा." आवाज उतरला होता. घेणाऱ्या मुलाने निम्मे पैसे द्यायची तयारी दाखवली, तर मिस्त्रींनीच त्याला थांबवलं. "दादा, तुम्ही कशाला? पाइप काकांचा आहे." पाइपाचे पैसे काकांनी दिले. पाइप काही महाग नसतो.

परतीच्या वाटेवर मिस्त्री जे बोलले ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. काटा वर गेलेला दिसूनही ते तसेच सोसायटीपर्यंत गाडी चालवत गेले असते, तर हेड तापून वाकलं असतं, गॅस्केट उडालं असतं आणि इंजिन खोलायची वेळ आली असती. "मग तो खर्च माझा होता, काका कितीही चुकलेले असले तरी." पाइप जुनाच होता आणि फुटणारच होता. पण फुटल्यानंतरच्या दोन मिनिटांत चालवणारा काय करतो, यावर काही शेकड्यांचं बिल होतं की काही हजारांचं, हे ठरत होतं. गाडी एक, बिघाड एक आणि जबाबदारी मात्र या दोन मिनिटांच्या अलीकडे एकाची, पलीकडे दुसऱ्याची.

कायदाही जवळपास हेच म्हणतो. जुन्या गाडीच्या तपासणीसाठी वेगळा असा कायदा आपल्याकडे नाही, पण १८७२ चा भारतीय करार कायदा इथे उपयोगी पडतो. आपली वस्तू काही कामापुरती दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि काम झाल्यावर ती परत मिळायची आहे, अशा व्यवहाराला तो निक्षेप म्हणतो. टेस्ट ड्राइव्हसाठी किल्ली देणं याच चौकटीत बसवता येतं. कलम १५१ प्रमाणे वस्तू घेणाऱ्याने ती शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी जपायची. कलम १५२ सांगतं की तितकी काळजी घेऊनही नुकसान झालं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्याच्यावर बोजा नाही. कलम १५४ कडक आहे. ज्या कामासाठी वस्तू दिली त्यापलीकडे ती वापरली, तर त्या वापरात झालेलं नुकसान घेणाऱ्याचंच. म्हणजे सोसायटीला एक फेरी मारून येतो असं सांगून गाडी खंबाटकीच्या घाटात नेली, तर मी नीटच चालवत होतो असं म्हणून सुटका नाही. आणि कलम १५० विकणाऱ्याला बांधतं. गाडीत धोक्याचा दोष आहे हे माहीत असून त्याने सांगितलं नाही, तर त्या दोषामुळे चालवणाऱ्याचं जे नुकसान होईल ते विकणाऱ्याने भरायचं. ब्रेक एका बाजूला ओढतोय हे ठाऊक असताना गप्प राहून किल्ली देणारा माणूस फक्त वाईट वागत नाही, तो स्वतःवर दावा ओढवून घेतो.

मिस्त्रींना ही कलमं पाठ नाहीत. त्यांच्या हातांना ती बरोबर कळतात. तपासणी करताना त्यांचा एक क्रम आहे. आधी फोन करून मालकाला सांगतात की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बोनेटवर तळहात ठेवतात. गार इंजिन कसं सुरू होतं, पहिल्या दहा सेकंदांत कसला आवाज येतो, धुराचा रंग काय, हे गरम गाडीत कळत नाही. पण त्याच गार इंजिनावर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबणारे घेणारे त्यांनी पाहिलेत आणि त्यांना ते सरळ अडवतात. तेल अजून वर चढलेलं नसतं. आवाज ऐकण्याच्या नादात बेअरिंग झिजतं आणि ते मालकाला दिसतही नाही.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्यावर टेकवायचं काम निरुपद्रवी. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर आकडा ४००-५०० वर गेला की खाली लांबी भरलेली आहे. खरी कसोटी पुढे असते. दाराच्या चौकटीचं रबर ओढून खालचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके बघायचे असतात. गोल आणि सारख्या अंतरावरचे ठिपके कारखान्याचे. ठिपके गायब किंवा वेडेवाकडे असले तर गाडी मोठ्या धडकेतून आलेली. पण दहा वर्षं उन्हात राहिलेलं रबर वाळलेल्या चपातीसारखं झालेलं असतं. झटक्याने ओढलं की तुटतं. मिस्त्री आधी विचारतात, "काका, बीडिंग काढून बघू का? जुनं आहे, चिरू शकतं." काका हो म्हणाले की दोन्ही हातांनी थोडं थोडं सोडवत वर सरकतात. नको म्हणाले तर हात लावत नाहीत.

क्लचच्या बाबतीत तर सीमारेषा डोळ्यांना दिसते. हँडब्रेक ओढून, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच हळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. फिरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदा घ्यायची. एका परीक्षेत जो क्लच गेला तो आधीच संपलेला होता आणि तो खर्च विकणाऱ्याचा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण काही घेणारे मित्राला बरोबर आणतात आणि मित्र "परत बघू, परत बघू" करत पाच-सहा वेळा तेच करतो. मग जळका वास येतो. तो वास ज्याने आणला त्याने पैसे भरावेत. दोष उघडा पडणं आणि दोष तयार करणं यात फरक आहे आणि तपासणारा प्रामाणिक असेल तर त्याला तो स्वतःला कळतो.

स्कॅनरबद्दलही हाच प्रामाणिकपणा लागतो. गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचायचे, पुसायचे नाहीत. चेक इंजिनचा दिवा घालवून दाखवला तर मालक खूश होतो, पण कोडबरोबर साठलेली माहिती, बिघाड झाला तेव्हा इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं, हीसुद्धा जाते. मग पुढे भांडण झालं तर दोघांकडेही पुरावा उरत नाही.

मिस्त्रींनी स्वतः पैसे भरल्याचीही गोष्ट आहे आणि ती त्यांनी न लपवता सांगितली. त्यांच्या हाताखालच्या मुलाने गाडी उचलताना जॅक चुकीच्या जागी लावला. दाराखालच्या पत्र्याला जॅकसाठी दोन खाचा असतात. तिथे पत्रा दुहेरी आणि मजबूत असतो. खाच सोडून चार बोटं आत जॅक लावला की गाडी उचलली जाते खरी, पण खालचा पत्रा आत दबतो. मालकाच्या लक्षात आलं नव्हतं. मिस्त्रींनीच ते दाखवलं आणि डेंटिंगचे पैसे दिले. तपासणीची फी त्या डेंटिंगच्या बिलापुढे काहीच नव्हती. या धंद्यातली मला सर्वांत अन्यायाची वाटणारी गोष्ट हीच आहे. लाखोंचा व्यवहार दोघांमध्ये होतो, फायदा त्या दोघांचा आणि जोखीम सगळ्यांत जास्त उचलतो तो सगळ्यांत कमी कमावणारा. शिवाय मिस्त्रीला बोलावलेलं असतं घेणाऱ्याने. विकणाऱ्याशी त्याचा काही करार नसतो. विकणाऱ्याने किल्ली घेणाऱ्याच्या भरवशावर दिलेली असते, त्यामुळे त्याने विचारायचं ते आधी घेणाऱ्याला. घेणाऱ्याने मग आपल्या मिस्त्रीशी काय ते बघावं. प्रत्यक्षात मात्र पार्किंगमध्ये आवाज चढतो तेव्हा सगळ्यांची बोटं हाताला ग्रीस लागलेल्या माणसाकडे वळतात.

रस्त्यावर दुसऱ्या कोणाला लागलं तर प्रश्न एकदम मोठा होतो. मोटार वाहन कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. गाडी हातोहात पुढे विकली गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नोंदणीतल्या मालकालाच जबाबदार धरलं. मग टेस्ट ड्राइव्हमध्ये, जेव्हा गाडी विकलीही गेलेली नाही, तेव्हा मालक सुटण्याचा प्रश्नच नाही. चालवणारा चुकला असेल तर तोही जबाबदार आणि विमा चालू असेल तर जखमीला पैसे कंपनी देते. म्हणूनच "आता विकायचीच आहे तर विमा कशाला भरू?" असं म्हणणाऱ्या मालकाचं मला फार भय वाटतं. बिनविम्याची गाडी अनोळखी माणसाच्या हातात देणं म्हणजे घरदार पणाला लावणं. चालवणाऱ्याचं लायसन्स बघणंही तितकंच गरजेचं. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर कलम १८० खाली मालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अपघात झाला तर जखमीला आधी पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करा, असा आदेश विमा कंपनीला मिळू शकतो.

गाडीचंच नुकसान झालं, समजा बंपर घासला, तर मालकाची सर्वंकष पॉलिसी साधारणपणे त्याच्या परवानगीने चालवणाऱ्या लायसन्सधारकालाही लागू होते. पण क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो आणि गाडी विकल्यावर मालकाला तो आपल्या नव्या गाडीला लावता येतो. म्हणून घेणाऱ्याच्या हातून बंपर घासला असेल, तर "तुमच्या इन्शुरन्समधून करून घ्या ना" हे म्हणणं बरोबर नाही. रोख भरपाई द्यावी, नाहीतर बुडालेल्या बोनसचे पैसेही धरावेत.

डीलरच्या अंगणातल्या गाडीचं गणित वेगळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, गाडी ताब्यात आल्याचं ऑनलाइन कळवावं लागतं आणि मग विकली जाईपर्यंत तोच मालक मानला जातो. गाडी बाहेर काढली तर कशासाठी, कोणी चालवली, किती किलोमीटर, याची नोंदही ठेवावी लागते. आपली गाडी डीलरकडे सोपवणाऱ्याने ती सूचना आरटीओकडे गेली आहे ना, हे बघून घ्यावं. नाहीतर परक्या माणसांच्या टेस्ट ड्राइव्ह त्याच्या नावावर होत राहतात.

मिस्त्री आता तपासणीला जाण्याआधी घेणारा आणि विकणारा दोघांना एकच व्हॉट्सअॅप मेसेज पाठवतात. तो त्यांच्या पुतणीने टाइप करून दिला आहे. विमा आणि पीयूसीचा फोटो पाठवा. गाडी कोण चालवणार, कुठपर्यंत, ते ठरवा. गाडीत माहीत असलेला दोष आधी सांगा. बीडिंग, जॅक, स्कॅनर, यांपैकी कशाला हरकत आहे ते कळवा. आमच्या हाताने मोडलं तर आम्ही भरू, जुनं झालेलं गेलं तर तुमचं. पोचल्यावर ते किल्ली घेण्याआधी गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढतात, ओडोमीटर आणि पेटलेले दिवे त्यात येतील असं बघतात आणि तो तिथल्या तिथे मालकाला पाठवतात.

काही मालकांना हे खटकतं. "एवढं कोर्टासारखं कशाला?" असं एका ताईंनी विचारलं होतं आणि जॅक लावायला ठाम नकार दिला होता. मिस्त्रींनी वाद घातला नाही. वरची सगळी तपासणी केली, टेस्ट ड्राइव्ह ताईंनाच चालवायला सांगून स्वतः शेजारी बसले आणि घेणाऱ्याला दिलेल्या कागदावर शेवटी लिहिलं: खालची बाजू पाहिली नाही, मालकांची परवानगी नव्हती. घेणाऱ्याने तो कागद वाचला आणि सांगितलेल्या किमतीतून तेवढ्यापुरते पैसे कमी करून मागितले.