पाहुण्या वाघिणींचा हिशेब

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मालवाहू रेल्वे कोणा एका सरकारी खात्याच्या हाती नाही. मोजक्या अवाढव्य खाजगी कंपन्यांच्या जोडीला तेथे सुमारे ६०० छोट्या रेल्वेकंपन्या काम करतात आणि त्यांना ‘शॉर्ट लाइन’ असे म्हणतात. एखादी कंपनी दहा-पंधरा मैलांची, एखादी दोनतीनशे मैलांची; एका टोकाला धान्याची कोठारे, कागदगिरणी किंवा रसायनांचा कारखाना आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या रेल्वेशी जोडणारे यार्ड, एवढाच तिचा संसार. १९८०च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेवरील सरकारी दरनियंत्रण सैल केल्यावर मोठ्या कंपन्या आपल्या तोट्यातल्या शाखा विकू लागल्या किंवा भाडेपट्ट्याने देऊ लागल्या आणि शॉर्ट लाइनपैकी पुष्कळ कंपन्या त्यानंतरच जन्मल्या. थोडक्या माणसांवर चालणाऱ्या अशा कंपनीला जे सॉफ्टवेअर लागते, त्याचे मूळ एका साध्या वस्तुस्थितीत आहे : तिच्या रुळांवर उभे असलेले बहुतेक मालडबे, म्हणजेच मराठीत ज्यांना वाघिणी म्हणतात ते वॅगन, तिचे स्वतःचे नसतात.

अमेरिकेत प्रत्येक वाघिणीवर दोन ते चार अक्षरांचे मालकचिन्ह आणि जास्तीत जास्त सहा आकडी क्रमांक रंगवलेला असतो; चिन्हाचे शेवटचे अक्षर ‘एक्स’ असेल, तर तिचा मालक रेल्वेकंपनी नसून दुसरा कोणी आहे असे समजावे. एका रेल्वेकंपनीची वाघीण दुसरीच्या ताब्यात गेली, की जितका काळ ती तेथे राहील आणि जितके मैल धावेल, तितके भाडे ताबेदार कंपनीने मालक कंपनीला द्यायचे असते. या भाड्याला ‘कार हायर’ म्हणतात. हस्तांतरणाच्या यार्डात वाघीण स्वीकारली त्या क्षणी भाड्याचे घड्याळ सुरू होते आणि ती परत सोपवेपर्यंत थांबत नाही. भारतीय रेल्वेत मालवाहतूक मुख्यतः अख्ख्या रेकने, म्हणजे पूर्ण मालगाडीने, होते आणि वाघिणी बहुतांशी एकाच घरच्या असतात, त्यामुळे असा हिशेब झालाच तरी तो घरातल्या घरात मिटतो.

कार हायरचा हा हिशेब छोट्या कंपनीला तारतो तसा बुडवूही शकतो, याचा अनुभव अमेरिकेने घेतलेला आहे. १९७०च्या दशकात बंदिस्त वाघिणींचा तुटवडा भासू लागला, तेव्हा सरकारी नियामक आयोगाने त्यांच्यासाठी जादा दैनिक भाडे मंजूर केले आणि गुंतवणूकदारांनी चिमुकल्या रेल्वेंच्या नावांनी हजारो नव्या वाघिणी बांधून घेतल्या. त्या देशभर फिरून भाडे मिळवत राहिल्या; पण १९८०च्या सुमारास मंदीने माल आटला, रिकाम्या वाघिणी मालकचिन्ह पाहून घरी धाडल्या जाऊ लागल्या आणि काही कंपन्यांना स्वतःच्याच वाघिणी उभ्या करायला स्वतःचे रूळ पुरेनात.

आजच्या सॉफ्टवेअरचे काम वाघीण दाराशी येण्याआधीच सुरू होते. मोठी रेल्वे ठरलेल्या नमुन्याचे संगणकीय संदेश पाठवते. त्यांपैकी ४१८ क्रमांकाच्या संदेशात येणाऱ्या वाघिणींची यादी असते, तर ४१७ क्रमांकाच्या संदेशात वेबिल, म्हणजे कोणता माल, कोणाकडून, कोणाकडे आणि कोणत्या मार्गाने हे सांगणारी बिल्टी असते. ‘उमलर’ नावाच्या सामाईक नोंदवहीतून प्रत्येक वाघिणीची लांबी, प्रकार आणि वजनमर्यादा कळते, आणि हा तपशील वरवर वाटतो त्याहून मोलाचा आहे, कारण आजच्या अनेक वाघिणी मालासह २,८६,००० पौंड, म्हणजे जवळजवळ १३० टन वजनाच्या असतात आणि जुन्या शाखांवरील काही पूल तेवढ्या भारासाठी बांधलेले नाहीत. मग पडद्यावर यार्डाचा नकाशा उमटतो, रुळागणिक वाघिणी ओळीने दिसतात आणि कोणती कोठून काढून कोठे लावायची याची शंटिंगची यादी तयार होते. कंडक्टर टॅब्लेट हाती घेऊन गाडीच्या कडेने चालत जातो, क्रमांक ताडून पाहतो आणि वाघीण सायडिंगवर लावली की वेळ नोंदवतो.

या एका वेळेवर पैशाचे दोन प्रवाह अवलंबून असतात. एकीकडे कंपनी भाडे मोजत असते. दुसरीकडे ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत माल उतरवला नाही, तर त्याच्याकडून डेमरेज, म्हणजे आपल्या मालधक्क्यांवरही परिचित असलेला विलंब-आकार, वसूल करायचा असतो. जुन्या प्रथेनुसार भरण्यासाठी २४ आणि उतरवण्यासाठी ४८ तास मोफत मिळत. आता प्रत्येक कंपनीचे नियम निराळे असू शकतात. गुंता होतो तो जागेपायी. पशुखाद्याच्या एखाद्या गिरणीच्या सायडिंगवर चार वाघिणी मावतात आणि मक्याच्या सात आल्या, असे धरले, तर उरलेल्या तीन यार्डात थांबतात. परंतु जागेची अडचण गिरणीची असल्यामुळे, कंपनीने तशी सूचना देताच त्या गिरणीत पोचल्या असे मानले जाते आणि ग्राहकाची मुदत मोजली जाऊ लागते. अशी सूचना केव्हा गेली, पहिली जागा केव्हा रिकामी झाली, मधली सुटी धरायची की नाही, हे सारे वाघीणवार सांभाळणे वहीवर दुरापास्त असते, आणि सॉफ्टवेअरचा खर्च मुख्यतः येथेच भरून निघतो.

त्याच नोंदींना सुरक्षिततेचीही बाजू आहे. क्लोरीन किंवा अमोनियाची टाकी गाडीत कितवी आहे हे दाखवणारा कागद गाडीवरील कर्मचाऱ्यांजवळ असलाच पाहिजे, असा केंद्रीय नियम आहे आणि प्रत्येक शंटिंगनंतर तो क्रम बदलतो. अपघातस्थळी पोचलेल्या अग्निशामकाला कालची यादी मिळाली, तर ती नसल्यापेक्षाही घातक ठरू शकते.

वाघीण आपोआप ओळखण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६७ मध्ये स्वीकारलेल्या रंगीत पट्ट्यांच्या पद्धतीला धूळ आणि काजळीने हरवले आणि दशकभरात ती सोडून द्यावी लागली. १९९०च्या दशकात वाघिणींच्या दोन्ही बाजूंना रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या चकत्या बसल्या आणि ती पद्धत टिकली. मात्र चकती वाचणारे यंत्र रुळाकाठी उभारायला पैसा लागतो, म्हणून छोट्या कंपनीच्या सायडिंगवर आजही माणसाची नोंद हीच मुख्य आधार असते. रात्री पावणेबाराला परत सोपवलेल्या वीस वाघिणींची नोंद कंडक्टरने सकाळी आठला केली आणि प्रत्यक्ष वेळेऐवजी नोंद करतानाचीच वेळ टाकली, तर प्रत्येक वाघिणीमागे सव्वाआठ तासांचे भाडे छोट्या कंपनीच्या नावे चढते, आणि पलीकडच्या रेल्वेचे यंत्र त्या वाघिणी मध्यरात्रीच वाचून गेले असेल, तर हिशेबाच्या वेळी दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून तो वाद मिटवावा लागतो.