म्हशीने पचवलेले विष

१९८३ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून आम्ही म्हशींसाठी कर्जे देत असू. कर्जावर घेतलेली म्हैस खरोखरच दावणीला आहे ना, हे पाहायला गावोगाव हिंडावे लागे. अशाच एका सकाळी एका गोठ्यापाशी गर्दी दिसली. म्हैस उभ्या जागी थरथरत होती. तोंडातून लाळेची धार लागलेली, डोळे पाझरत होते, श्वासाला घरघर. घरधन्याने गोचिडांवर आणलेले मॅलेथिऑन पुरेसे पाणी न घालताच फडक्याने तिच्या अंगाला चोळले होते.

खरे सांगायचे तर मी आधी तिच्या कानातला विम्याचा बिल्ला पाहिला. बँकेतल्या माणसाची नजर तिथेच जाते. पशुवैद्यांनी मात्र लाळ पाहिली, अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन दिले आणि साबणाच्या पाण्याने तिचे अंग धुवून काढायला लावले. संध्याकाळपर्यंत ती सावरली. तेव्हा घरच्या बाईने भीतभीत विचारले, "डॉक्टर, रेडकू सोडू का पाजायला? आन् डेअरीला दूध कधीपासनं घालू?"

घरखर्च त्या दुधावर होता, आमचा हप्ताही त्याच दुधावर. पण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता: अंगात शिरलेले विष जाते कुठे?

मॅलेथिऑन हे ऑर्गनोफॉस्फेट कुळातले कीटकनाशक. या कुळाचा पाया १९३०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर यांच्या संशोधनाने घातला गेला. त्याच संशोधनातून टाबून हे युद्धातले विषही निघाले. १९५०च्या सुमारास आलेले मॅलेथिऑन मात्र या कुळातले सौम्य मानले जाते. गंमत अशी, की ते मूळ रूपात फारसे जहाल नसतेच. शरीरात शिरल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा असतात.

पहिल्या वाटेवर यकृतातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्याच्या रेणूतल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवतात आणि मॅलाऑक्सॉन तयार होते. खरे विष ते. आपले मज्जातंतू स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप धाडतात तो अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत. निरोप पोचला की ते द्रव्य मोडून टाकणारे एक विकर असते. मॅलाऑक्सॉन नेमके त्या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप संपतच नाही. लाळ गळत राहते, स्नायू थरथरत राहतात, छाती कोंडते.

दुसऱ्या वाटेवर कार्बोक्सिलएस्टरेझ नावाचे विकर मॅलेथिऑनचा लचका तोडून त्याची निरुपद्रवी आम्ले बनवते. ही आम्ले पाण्यात सहज विरघळतात आणि मूत्रपिंडे त्यांना लघवीवाटे बाहेर काढतात. उंदरांना हे औषध पोटातून दिले तेव्हा त्यातला बहुतांश भाग एका दिवसात लघवीतून निघून गेल्याचे आढळले. थोडा भाग विष्ठेतून जातो. दुभत्या जनावराच्या दुधातही किंचित अंश उतरू शकतो. डीडीटी चरबीत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते, तसे याचे नाही.

गाई-म्हशींत आणि माणसांत ही दुसरी वाट रुंद असते, बहुतेक किड्यांत अरुंद. म्हणून एकाच औषधाने किडा मरतो आणि जनावर वाचते. ज्या डासांनी पिढ्यान्‌पिढ्यांत ही वाट रुंद करून घेतली, ते मॅलेथिऑनला दाद देईनासे झाले.

पण रुंद वाटेवरही एकाच वेळी किती गाड्या जाणार? त्या म्हशीच्या अंगावर झेपेल त्याहून जास्त पडले होते. आणि कधीकधी ती वाटच बुजते. १९७६ साली पाकिस्तानात हिवतापविरोधी मोहिमेत मॅलेथिऑन फवारणाऱ्या सुमारे साडेसात हजार कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली, किमान पाच जण दगावले. औषध तेच होते; पण साठवणीत त्यात आयसोमॅलेथिऑन हा पदार्थ तयार झाला होता आणि तो कार्बोक्सिलएस्टरेझलाच निकामी करतो. या कुळातली दोन औषधे एकत्र आली तर एक दुसऱ्याची सुटकेची वाट अडवू शकते, हेही १९५०च्या दशकातच प्रयोगांत दिसले होते. तरी पंपात दोन-तीन औषधे एकत्र ओतण्याची सवय आपल्याकडे गेली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण मेले. तिथे वापरलेल्या औषधांत याच कुळातले प्रोफेनोफॉसही होते.

आणखी एक गोष्ट फवारणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. औषध दोन-चार दिवसांत शरीराबाहेर जाते, पण जखडले गेलेले विकर तितक्या लवकर भरून येत नाही. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत ते पूर्ववत व्हायला जुन्या पेशी जाऊन नव्या याव्या लागतात, आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. बँकेच्या भाषेत, पैसे काढणारा निघून गेला तरी खात्यातली शिल्लक भरायला महिने लागतात. आठवड्याने पुन्हा पंप पाठीवर घेणारा माणूस त्या रिकाम्या खात्यावरच चेक फाडत असतो.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी बाईला एवढेच सांगितले, "मी सांगेपर्यंत दूध घरात नको, रेडकाला नको, डेअरीलाही नको. आणि या महिन्यात तिच्या अंगाला कसलंच औषध लावायचं नाही. गोचीड हातानं काढा." बाई रोज दूध पिळून उकिरड्यावर ओतत होती. शेजारणीने दिलेल्या दुधावर रेडकू वाढत होते. मी हप्ता पुढे ढकलला. शेऱ्याच्या रकान्यात 'म्हैस आजारी' असे लिहिले.

महिन्याने मी पुन्हा गेलो, तेव्हा ती बाई म्हशीच्या कानामागे बोटे घालून एकेक गोचीड वेचून रॉकेलच्या वाटीत टाकत होती. म्हैस डोळे मिटून उभी होती. मॅलेथिऑनची बाटली गोठ्याच्या आढ्याला, पोरांचा हात पोचणार नाही इतकी उंच टांगलेली होती.