जुन्या सायकलीचे दाते

निंबोल्याहून असीरगडाच्या दिशेने निघाले की रस्ता सातपुड्यात चढू लागतो. बुऱ्हाणपूरकडे वळावे तर तो तापीच्या खोऱ्यात उतरतो. आजोबांची काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची सायकल चालविणाऱ्या मुलांना हा भूगोल पुस्तकाआधी मांड्यांना कळतो. चढावर सायकल हाती धरून चालावे लागले की घरात ती भंगारात देण्याची भाषा सुरू होते. वास्तविक दोष सायकलीचा नसून दात्यांच्या हिशेबाचा असतो.

विद्यार्थिमित्रांनी दाते एकदा मोजून पाहावेत. पुढील चक्रास बहुधा ४४ व मागील फ्रीव्हीलला १८ असतात. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.४४ वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मागे २२ दाते बसविले तर चाक बरोबर दोनदा फिरेल, अंतर साडेचार मीटरांवर येईल, आणि पायांवरील जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटेल. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. मिनिटास ६० फेरे मारणाऱ्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटरांवरून १६ वर उतरेल. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना घाटाचे भय कमी. तरी मी हा सौदा आनंदाने करीन.

१८८५ साली स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल आली. त्यापूर्वीच्या उंच सायकलींत पायटे थेट पुढल्या चाकालाच असत, म्हणून वेग हवा तर चाक मोठे करणे एवढाच उपाय होता. साखळीने ती अडचण सोडविली.

आता शोध. १८ दात्यांचे फ्रीव्हील सर्वत्र मिळते; २० वा २२ चे विचारून, प्रसंगी जुन्या दुकानांतील डबे उपसून मिळवावे लागते. जुनी साखळी सोबत न्यावी. तिच्या दोन पिनांतील अंतर अर्धा इंच असते, म्हणून अशी २४ अंतरे नेमकी १२ इंच भरली पाहिजेत. अष्टमांश इंचाहून अधिक वाढ दिसली, तर साखळी झिजली आहे. ती नव्या दात्यांवर चढवू नये, त्यांनाही ती खाऊन टाकील. अनेक गिअरांच्या सायकलींची बारीक साखळी या जाड दात्यांवर बसत नाही.

जुने फ्रीव्हील पायांच्या जोराने स्वतःच आवळत गेलेले असते. त्याच्या खाचांत बसणारी किल्ली शेगड्यात पकडून, चाक सुकाणूसारखे धरून उलट फिरवावे. हातोडी-छिन्नी वापरू नये. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब असेल तर काम सोपे: तारेची कडी काढली की चक्री हाती येते. मात्र १९५० पूर्वीच्या कित्येक हबांत ती आट्यांवर बसविलेली असे, म्हणून हबावर कोरलेले साल आधी पाहावे.

चार दाते वाढले की साखळी एक इंचाने, म्हणजे कड्यांच्या एका जोडीने, वाढवावी लागते. दोनच वाढले तर चाक पाव इंच पुढे सरकवून भागते. तेवढे मागील ब्रेकचे रबर मात्र पुन्हा जुळवून घ्यावे.