फुकट वकील, उधार शुल्क
न्यायाचा जमाखर्च : लेखांक ६

मोफत विधी सेवा कोणाला मिळते, हे मागच्या लेखांकात पाहिले. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट नाही. केवळ आर्थिक कारणावर मदत मागणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. आता पुढचा प्रश्न: हा खर्च कोण उचलतो आणि नंतर तो कोणाकडून वसूल होतो?

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. खर्च सरकारचा. १९७६ साली घटनेत कलम ३९-अ आले आणि पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ साली मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या होसकोट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. पुढे भागलपूरच्या अंधत्व प्रकरणात तिजोरीत पैसे नाहीत ही सबबही न्यायालयाने मोडीत काढली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि राष्ट्रीय, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवर विधी साहाय्य निधी उभे राहिले.

या कायद्याखाली वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, समन्स बजावणीचा खर्च, कागदपत्रांच्या प्रती असे सगळे प्राधिकरण भरू शकते. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र दिले तरी ते पुरेसे मानता येते.

‘मोफत’ म्हणून ओळखली जाणारी आणखी एक वाट आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ नुसार निर्धन व्यक्तीला शुल्क न भरता दावा दाखल करता येतो. या दोन वाटांमधला फरक वकिलाच्या टेबलावर क्वचितच समजावून सांगितला जातो.

एक उदाहरण घेऊ. ऊसतोडीला जाणाऱ्या धाकट्या भावाला थोरला वडिलोपार्जित जमिनीत वाटा देत नाही. धाकटा निर्धन म्हणून वाटपाचा दावा लावायला जातो. अर्जासोबत त्याला आपल्या मालमत्तेची यादी जोडावी लागते. ज्या जमिनीबद्दल वाद आहे ती या हिशेबात धरत नाहीत, तसेच जप्तीतून वगळलेल्या वस्तूही धरत नाहीत. न्यायालय सरकारी वकिलाला नोटीस काढते, कारण बुडणारे शुल्क सरकारचे असते. धाकट्याची खरोखर ऐपत नाही ना, याची चौकशी होते. मग परवानगी मिळते आणि दावा उभा राहतो.

निकाल लागला की हिशेब निघतो. धाकटा जिंकला, तर त्याने एरवी किती शुल्क भरले असते ते न्यायालय मोजते. ज्या पक्षावर ते भरण्याचा हुकूम होईल त्याच्याकडून सरकार ते घेते, आणि दाव्याच्या विषयावर, म्हणजे या जमिनीवरच, त्या रकमेचा पहिला बोजा बसतो. तो हरला, तर शुल्क त्यानेच भरायचे. तारखेला गैरहजर राहिल्यामुळे दावा फेटाळला गेला, तरी तेच. हुकूमनाम्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. म्हणजे या वाटेवर शुल्क माफ होत नाही, लांबणीवर पडते. हरलेल्या गरिबाच्या मागे शेवटी महसूल खाते लागू शकते.

इंग्लंडने तर वकिलाच्या खर्चासाठीही असा बोजा ठेवला. तिथे १९४९ च्या कायद्याने सरकारी खर्चाने वकील देण्याची पद्धत आली. परंतु दाव्यात मालमत्ता मिळाली किंवा वाचली, तर त्यातून सरकार आपला खर्च काढून घेते. घर मिळाले असेल तर वसुली पुढे ढकलून घरावर बोजा ठेवता येतो, आणि त्यावर व्याजही चढते. २०१२ च्या कायद्याने मदतीची कक्षाच आखडली. घटस्फोटासारखे बरेचसे कौटुंबिक वाद, कौटुंबिक हिंसाचाराचा पुरावा असल्याशिवाय, बाहेर पडले. आपला १९८७ चा कायदा याबाबतीत उदार आहे आणि तो तसाच राहायला हवा.

मग वसुली करूच नये का? जरूर करावी, पण ज्याने वाद विनाकारण लांबवला त्याच्याकडून. इथे आपला कायदा दुबळा आहे. खोट्या आणि त्रासदायक दाव्यासाठी किंवा बचावासाठी नुकसानभरपाई म्हणून खर्च द्यायला लावणाऱ्या कलम ३५-अ ची कमाल मर्यादा आजही तीन हजार रुपये आहे. एवढ्या रकमेने कोणी वठणीवर येत नाही. २००५ साली सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही नाममात्र खर्चाच्या प्रथेवर बोट ठेवले होते. २०१५ साली व्यापारी दाव्यांपुरता कायदा बदलला: ती मर्यादा गेली आणि हरणाऱ्याने खर्च द्यावा, हा नियम ठळकपणे लिहिला गेला. दोन कंपन्या भांडतात तिथे कठोर वसुली, आणि भूमिहीन माणूस धनदांडग्याशी भांडतो तिथे तीन हजारांची मर्यादा! हा क्रम उलटा असायला हवा.

यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. न्यायालयाच्या आदेशाने आलेली रक्कम विधी साहाय्य निधीत जमा करण्याची तरतूद कायद्यात आधीच आहे. व्यापारी दाव्यांचा नियम सर्वांना लागू करावा. आदेश ३३ खाली सरकारने वसूल केलेले शुल्कही त्याच जिल्ह्याच्या निधीत वळवावे. वेळकाढूपणा करणाऱ्याकडून आलेल्या पैशातून पुढच्या गरिबाचा वकील उभा राहील.

तोवर एवढे लक्षात ठेवा. निर्धन म्हणून दावा लावण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते. तिथे शुल्क भरले जात असेल, तर आदेश ३३ ची उधारी डोक्यावर घेण्याचे कारण उरत नाही.

पुढील लेखांकात: लोकअदालतीत तडजोड झाली की न्यायालयीन शुल्क परत कसे मिळते.