ग्लार्जिन टोचल्यावर साखर एकाएकी का उतरते?

ग्लार्जिनसारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन साधारण दिवसभर पुरतं. पेनमधलं द्रावण आम्लधर्मी असतं. कातडीखालच्या चरबीत शिरताच त्याचे बारीक कण तयार होतात आणि सावकाश विरघळत राहतात. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर हा साठा नीट बनतच नाही. डोस झटपट लागू पडतो आणि थोड्याच वेळात घाम, थरथर, धडधड सुरू होते. असं क्वचितच घडतं म्हणा. पेनची अदलाबदल मात्र सहज होते: जेवणाआधीचं झटपट इन्सुलिनही पाण्यासारखंच स्वच्छ दिसतं, म्हणून लेबल वाचूनच टोचावं. रोज एकाच जागी टोचून गाठ झाली असेल, तर नव्या जागी तोच डोस जोरात लागतो.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. सावरल्यावर पोळी किंवा भात खावा. लांब पल्ल्याच्या इन्सुलिनमुळे साखर परत उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ला फोन करा.