झाकली मूठ, उघडे वजन

सुट्टीच्या दिवसांत घरातील तरुण मुले एका टेबलाभोवती बसतात. समोर पत्ते नसतात, सोंगट्या नसतात. असतात ते काही कागद, पेन्सिली आणि निरनिराळ्या आकाराचे फासे. मधूनच एखादा विचारतो, “तू खंजीर कुठे लपवलास?” दुसरा शांतपणे उत्तरतो, “बाहीत.” शेजारच्या खोलीतील आजी हे ऐकून चपापतात. आपल्या मुलांच्या तोंडी ही भाषा कोठून आली, हा प्रश्न त्यांना पडतो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर रागाने किंवा हसून देण्यापेक्षा त्या खेळाचे नियम समजून घेऊन दिलेले बरे. व्यापारी कुटुंबांना तर हे नियम फारसे परके वाटणार नाहीत, कारण त्यांचा पाया वजन, मोजमाप आणि विश्वास हाच आहे.

या प्रकारच्या खेळांचा आरंभ अमेरिकेत झाला. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. गायगॅक्स हे विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनेव्हा या लहान गावचे रहिवासी. खेळाची रीत अशी, की प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि कृतीचे फलित संदिग्ध असेल तेव्हा फासा टाकून निर्णय होतो. सारे काही बोलण्यात आणि कागदावर घडते. शस्त्र म्हणजे त्या कागदावरील एक ओळ, आणि त्या ओळीपुढे लिहिलेले वजन.

हे वजन फार गमतीचे आहे. आरंभीच्या नियमांत ओझे मोजण्याचे माप सोन्याचे नाणे हेच होते. 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात दहा नाणी म्हणजे एक पौंड असा हिशोब आहे. म्हणजे एक नाणे जवळपास चार तोळ्यांचे झाले! आपल्याकडे तोळा म्हणजे एका रुपयाचे वजन, सुमारे 11.66 ग्रॅम, आणि 80 तोळ्यांचा एक शेर. नाण्याने वजन करण्याची कल्पना आपल्या सराफांना नवी नव्हती. पुढे 2014 च्या पाचव्या आवृत्तीत नाणी हलकी होऊन 50 नाण्यांचा एक पौंड ठरला.

याच आवृत्तीत पात्राच्या ताकदीचा आकडा पंधराने गुणला, की तो किती पौंड वाहू शकेल ते निघते. ताकद 10 असणारा, म्हणजे सर्वसाधारण माणूस, 150 पौंड वाहू शकतो. परंतु ज्यांना काटेकोर हिशोब आवडतो त्यांच्यासाठी आणखी एक ऐच्छिक नियम आहे. ताकदीच्या पाचपटीहून, म्हणजे 50 पौंडांहून, अधिक ओझे झाले की पात्राची चाल मंदावते. दहापटीहून अधिक झाले की चाल आणखी मंदावते आणि लढण्याचे कसबही उणावते. खंजीर एक पौंडाचा, लांब तलवार तीन पौंडांची, दुहाती तलवार सहा पौंडांची, साखळीचे चिलखत मात्र 55 पौंडांचे. म्हणजे सर्वसाधारण ताकदीच्या माणसाने केवळ ते चिलखत अंगावर चढवले तरी तो मर्यादेबाहेर जातो. त्यात 500 नाण्यांची थैली घेतली, तर आणखी दहा पौंडांची भर पडते. शस्त्राला वजन आहे तसेच धनालाही आहे, हा धडा मुले येथे बेरीज करीत शिकतात. काय बरोबर न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, याचा विचार त्यांना करावाच लागतो.

आता लपवण्याकडे वळू. या खेळाची सुधारित तिसरी आवृत्ती 2003 साली आली. हातचलाखी हे तिच्यातील एक कौशल्य आहे. पात्राला अंगावर लहान वस्तू किंवा हलके शस्त्र लपवायचे असेल, तर खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात आपल्या हातचलाखीचे गुण मिळवतो. पाहणाराही फासा टाकतो. ज्याची बेरीज अधिक, त्याची सरशी. खंजीर लपवणे सोपे, म्हणून दोन गुण अधिक. अंगावर पायघोळ, सैल वस्त्र असेल तर आणखी दोन. परंतु समोरच्याने केवळ पाहण्याऐवजी अंगझडती घेतली, तर त्याला चार गुण अधिक मिळतात. दोन अधिक दोन विरुद्ध चार! झग्याने आणि खंजिराच्या लहानपणाने मिळवलेला लाभ एका झडतीने फिटतो. शिवाय दडवलेले शस्त्र बाहेर काढायला वेळ लागतो. कमरेची तलवार उपसून त्याच पाळीत वार करता येतो, पण लपवलेला खंजीर काढण्यातच वार करण्याची संधी खर्ची पडते. लपवण्याचीही किंमत मोजावी लागते, ती अशी.

इतर खेळांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. ‘सायबरपंक 2020’ हा माईक पाँडस्मिथ यांचा 1990 चा खेळ. त्यात प्रत्येक शस्त्रापुढे एक अक्षर असते. त्यावरून ते खिशात किंवा बाहीत मावेल, कोटाखाली मावेल, लांब ओव्हरकोट लागेल की ते लपवताच येणार नाही, हे कळते. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा 1977 चा अंतराळप्रवासाचा खेळ तर व्यापाऱ्यांना विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात जहाज घेऊन ग्रहाग्रहांवर मालाची खरेदीविक्री करता येते. तेथे प्रत्येक ग्रहाला कायद्याच्या कडकपणाचा एक आकडा असतो. पहिल्याच पायरीवर बंदी येते ती तपासयंत्रात न सापडणाऱ्या छोट्या पिस्तुलावर. पाचव्या पायरीवर लपवता येण्याजोगी पिस्तुले निषिद्ध होतात. आठव्या पायरीवर लांब पात्याच्या शस्त्रांवर नियंत्रण येते, आणि नवव्या पायरीवर घराबाहेर कोणतेही शस्त्र बाळगता येत नाही. मोठ्या, उघड्या हत्यारांच्या आधी बंदी आली ती न दिसणाऱ्या लहान हत्यारावर, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

असे का असावे? बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाची बंदूक सर्वांना दिसते. ती दिसावी हाच तिचा हेतू असतो. ती आपले अस्तित्व जाहीर करते, म्हणून येणारा ग्राहक तिला भीत नाही. दडवलेले शस्त्र मात्र ताळेबंदात न दाखवलेल्या देण्यासारखे असते. ते उघड होते त्या दिवशी प्रश्न त्या एका रकमेचा राहत नाही, सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. खेळातही नेमके हेच घडते. सरदाराच्या मेजवानीला सर्वांनी शस्त्रे दाराशी ठेवली आणि एकाने बाहीत खंजीर राखला. तो सापडला, तर सूत्रधार केवळ त्या एकालाच शिक्षा करीत नाही. सरदार त्याच्या सोबत्यांचेही बोलणे ऐकेनासा होतो. मग इतर खेळाडू त्याला विचारतात, “आम्हाला का सांगितले नाहीस?” झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण ती आपल्याच माणसांपासून झाकली तर तिची किंमत भागीदारीने चुकवावी लागते.

आपल्या भाषेत या विषयाला एक नेमका शब्द आहे: गुप्ती. बाजारात गुप्ती म्हणजे काठीच्या पोटात दडवलेले पाते. आपल्या पाठशाळेत मात्र गुप्ती म्हणजे मन, वचन आणि काया यांचा संयम. एकीत पाते झाकलेले, दुसरीत स्वतःला आवरलेले. हा भेद मुलांना सांगण्यास या खेळाइतकी चांगली संधी क्वचित मिळेल. त्याचबरोबर हेही सांगावे, की आपल्या देशात गुप्ती ही केवळ गोष्टीतील वस्तू नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांच्या यादीत काठीतील तलवारीचा स्पष्ट उल्लेख आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारेही त्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक उपयोगाची अवजारे तिच्यातून वगळली आहेत.

तर मग हा खेळ मुलांना खेळू द्यावा का? माझे मत असे, की वय आणि सोबत पाहून द्यावा. या खेळाच्या आरंभिक संचावर 12 वर्षे आणि पुढे असा निर्देश असतो. त्याहून लहान मुलांना त्यात ओढू नये. पालकांनी एकदा तरी पूर्ण डाव जवळ बसून पाहावा आणि नंतर तीन प्रश्न विचारावेत. तुझ्या पात्राने शस्त्र का घेतले? ते कोणापासून लपवले? आणि न लपवता, बोलून तो प्रसंग निभावता आला नसता का? तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे, कारण या खेळात समजूत घालणे हेही हातचलाखीसारखेच एक कौशल्य आहे आणि त्यासाठीही फासा टाकता येतो. ज्या पात्राने द्वारपालाशी बोलून वाट काढली, त्याला बाहीत काहीच ठेवावे लागत नाही, आणि झडतीचे भयही उरत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. खेळ कागदावर राहावा. हौसेने खेळण्यातील खंजीर किंवा पिस्तुलाची प्रतिकृती दप्तरात घालून शाळेत नेणे, प्रवासात हातातील सामानात ठेवणे, हे प्रकार होऊ देऊ नयेत. विमानतळावरील तपासनीस अशी प्रतिकृती आत नेऊ देत नाही, आणि तेथे ‘खेळातले आहे’ हे स्पष्टीकरण चालत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी मुलांची पिशवी त्यांच्याच हातून, आपल्यासमोर एकदा रिकामी करून घ्यावी.